ओल्या-कोरड्याचा हिशेब

घरात न शिजवता विकत आणलेले आणि ताटात वाढण्याआधी फार तर गरम करावे, भिजवावे किंवा नुसते कुस्करावे लागणारे अन्न म्हणजे तयार अन्न, अशी ढोबळ व्याख्या केली, तर बिदर आणि कलबुर्गी या कर्नाटकातल्या सीमावर्ती जिल्ह्यांच्या बाजारात ते आज चार रूपांत मिळते: भाकरी-चटणीसारखे पूर्ण कोरडे, पिठाच्या मिश्रणाच्या रूपातले अर्धवट तयार, पिशवीत बंद करून शिजवलेले ओले, आणि गोठवलेले. या चार रूपांतला फरक चवीचा किंवा किमतीचा नंतर आहे, आधी तो पाण्याचा आहे. अन्न नासते ते मुख्यतः त्यातल्या पाण्यामुळे, आणि तेही सगळ्या पाण्यामुळे नव्हे, तर साखर, मीठ किंवा पिष्ट यांच्याशी बांधले न गेलेल्या मोकळ्या पाण्यामुळे. अन्नशास्त्रात या मोकळ्या पाण्याचे माप शून्य ते एक अशा पट्टीवर मोजतात आणि त्याला जलसक्रियता म्हणतात; शुद्ध पाण्याची जलसक्रियता एक असते आणि ०.६ च्या खाली जिवाणू, किण्व किंवा बुरशी यांपैकी काहीच वाढू शकत नाही. तयार अन्न विकणाऱ्या प्रत्येकाला त्यामुळे एकच कोडे सोडवावे लागते: पाण्याचे काय करायचे. ते काढून टाकायचे, तापवून निर्जंतुक करायचे की गोठवायचे, यावर पुढचे सगळे, म्हणजे मीठ, तेल, टिकाऊपणा आणि किंमत, ठरत जाते. मोठ्या दुकानाच्या फळीसमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकानेही हेच कोडे उलट बाजूने सोडवले, तर निवड बरीच सोपी होते.

भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि आळंद या पट्ट्यात घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी अशी तीन भाषांची सवय असलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जुना बिदर जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि आज लातूर जिल्ह्यात आहेत, तर बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. चुली मात्र फुटल्या नाहीत. दोन्ही बाजूंना ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी (कन्नडमध्ये पुंडी पल्ल्या), भरले वांगे (एण्णेगाई) आणि शेंगदाण्याची चटणी हाच रोजचा स्वयंपाक राहिला, आणि मराठीतली ‘खानावळ’ कन्नड पाट्यांवर ‘खानावळी’ होऊन उत्तर कर्नाटकात सगळीकडे रुळली.

याच पट्ट्यात ओल्या-कोरड्याचा विवेक शास्त्राच्याही आधी धर्माने आणि प्रवासाने शिकवलेला आहे. भीमा-अमरजा संगमावरच्या गाणगापुरात, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात, दत्तभक्त पाच घरी मधुकरी मागतात. भिक्षेचे कोरडी आणि ओली असे दोन प्रकार मराठी व्यवहारात पूर्वीपासून मानले जातात, कोरडी म्हणजे धान्य-पीठ आणि ओली म्हणजे शिजवलेले अन्न, आणि पहिली साठवता येते तर दुसरी त्याच दिवशी संपवावी लागते. प्रवासाला निघणाऱ्याच्या शिदोरीत भाकरीऐवजी दशमी बांधण्याची चाल याच विचारातली आहे: दशमीचे पीठ पाण्यात न भिजवता दुधात भिजवतात, कारण पाण्याने शिजवलेले अन्न सोवळ्याच्या दृष्टीने लवकर बाटते अशी समजूत होती. समजूत धार्मिक असली तरी पाणी हा अन्नातला सर्वांत चंचल घटक आहे हे तिला नेमके उमगले होते, असे म्हणायला हरकत नाही. आणखी मागे जायचे, तर चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ ज्या कल्याणीच्या दरबारात रचला गेला, ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक, म्हणजे मांडे, आणि पूरिका यांच्यासारख्या भाजलेल्या-तळलेल्या पदार्थांचे वर्णन आहे. राजाच्या मुदपाकखान्यातले मांडे आणि शेतकऱ्याच्या फडक्यातली भाकरी यांत अंतर मोठे आहे, पण पातळ करून पाणी उडवायचे हे तंत्र दोन्हीकडे सारखेच दिसते.

या तंत्राचे सर्वांत शुद्ध उदाहरण म्हणजे कडक भाकरी, कन्नडमध्ये खडक रोट्टी. गव्हात ग्लुटेन नावाचे ताणले जाणारे चिकट प्रथिन असते, ज्वारीत ते नसते; म्हणून ज्वारीचे पीठ कढत पाण्यात मळावे लागते, जेणेकरून त्यातले पिष्ट फुगून चिकटपणा देईल, आणि जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून येण्याची ताकद, गेली असेल तर मळूनही भाकरी थापताना कडेला भेगाळते. मऊ भाकरी फुगली की उतरवतात. कडक भाकरी त्याहून बरीच पातळ थापतात, तव्यावर फडक्याने दाबत दोन्ही बाजूंनी भाजतात आणि मग निखाऱ्यांसमोर किंवा मंद आचेवर ठेवून आतली उरलीसुरली ओल घालवतात. झालेली भाकरी पापडासारखी मोडते, दोन-तीन आठवडे सहज राहते आणि तिच्यात टिकवणारे असे काहीही घातलेले नसते. कोप्पळच्या गविमठाच्या जत्रेला गावोगावच्या बायका आधीपासून भाकऱ्या करून गाड्यांनी पाठवतात आणि लाखो माणसे जेवतात, हा प्रकार मऊ भाकरीवर उभा राहूच शकला नसता.

गेल्या काही वर्षांत ही भाकरी घरातून आणि खानावळीतून बाहेर पडून मालाच्या रूपात उभी राहिली आहे. सोलापुरात शेंगा-चटणीच्या जोडीने कडक भाकरीची विक्री जुनीच. कलबुर्गीत मात्र जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने महिला बचत गटांना एकत्र आणून ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावाने ती विकण्याचा संघटित प्रयत्न झाला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते आणि ज्वारी-बाजरीकडे शहरी गिऱ्हाइकाचे लक्ष तेव्हा वळलेलेच होते. पंतप्रधानांच्या ‘मन की बात’च्या जून २०२५ च्या भागात या उपक्रमाचा उल्लेख आला तेव्हा बायकांच्या सहकारी संस्थेत दिवसाला तीन हजारांहून अधिक भाकऱ्या तयार होत असल्याचे आणि बेंगळुरूत खास विक्रीकेंद्र उघडल्याचे सांगितले गेले. तीन हजार हा आकडा कारखान्याच्या मानाने किरकोळ आहे. परंतु हाताने थापायच्या भाकरीच्या मानाने तो फार मोठा आहे, कारण इथे यंत्राचा वेग नाही, मनगटाचा आहे. आणि विकतच्या भाकरीत गिऱ्हाईक खरे तर ज्वारीचे पैसे थोडे आणि त्या मनगटाचे पैसे जास्त मोजत असते, निदान मोजायला हवे.

भाकरीचा पुडा निवडताना पाहण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. पुड्यावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिले. कडक भाकरीच्या यादीत ज्वारी आणि मीठ यापलीकडे फारसे काही असण्याचे कारण नाही, आणि मैदा किंवा तांदळाचे पीठ आले असेल तर ती थापणाऱ्याच्या सोयीसाठी आलेली भर असते. रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, टपोरी आणि पांढरी असते, तर खरिपाच्या ज्वारीचे कणीस पावसात सापडले की दाणा काळवंडतो आणि भाकरी राखाडी, किंचित कडवट होते. सोलापूरजवळच्या मोहोळ इथे निवड पद्धतीने तयार झालेला मालदांडी, म्हणजे एम ३५-१, हा वाण जवळपास नव्वद वर्षे या काळ्या जमिनीवर टिकून आहे आणि भाकरीच्या चवीचे माप अजूनही त्याच्यावरूनच ठरते. ज्वारीत शंभर ग्रॅममागे साधारण दहा ग्रॅम प्रथिने आणि तितकाच चोथा असतो; कडक भाकरीत पाणी जवळजवळ उरलेलेच नसल्याने हे आकडे तिला बहुतांशी तसेच लागू पडतात, जे कोणत्याही ओल्या तयार पदार्थाबद्दल म्हणता येत नाही. दोष एवढाच की पावसाळ्यात पुडा उघडा राहिला की भाकरी सादळते. तेव्हा ती तव्यावर पुन्हा शेकावी किंवा सरळ ताकात कुस्करावी. दोन्हीपैकी दुसरा मार्ग जास्त चांगला.

आता दुकानाकडे. घाऊक कोठाराच्या धर्तीवर चालणारे किराणा दुकान, ज्याला या भागात सरसकट ‘मॉल’ किंवा ‘मार्ट’ म्हणतात, ते वाण कमी, साठा मोठा, नफा थोडा आणि उलाढाल वेगवान या चार खांबांवर उभे असते. जर्मनीच्या मेट्रो कंपनीने २००३ मध्ये बेंगळुरूत व्यापाऱ्यांसाठी असे घाऊक दालन उघडले. त्याच सुमारास, २००२ मध्ये, मुंबईच्या पवईत डी-मार्टचे पहिले दुकान सुरू झाले आणि घरगुती गिऱ्हाइकालाही कोठाराचा भाव मिळू लागला. (बिदरच्या बादशहाचे मंगळवेढ्याचे कोठार दुष्काळात रयतेला खुले करणाऱ्या दामाजीपंतांची कथा मराठी माणसाला ‘कोठार’ या शब्दाबरोबर आठवतेच, फक्त तिथे वजन-काटा नव्हता.) या दुकानाचा मोह म्हणजे मोठा पुडा. वजन आणि मापविषयक नियमांतील अलीकडच्या दुरुस्तीनंतर पुड्यावर कमाल किमतीबरोबर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमतही छापावी लागते, आणि ती बारीक अक्षरांतली ओळ वाचली की मोठा पुडा दर वेळी स्वस्त पडतोच असे नाही हे दिसून येते. शिवाय कोरड्या पदार्थाचा मोठा पुडा चार माणसांच्या घरात महिनाभर उघडझाक सोसतो, तेव्हा स्वस्ताईचा काही भाग सादळण्यात जातो. ‘एकावर एक फुकट’ असा ढीग रचलेला असेल तर मुदतीची तारीख पाहिल्याशिवाय हात लावू नये, आणि ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ म्हणजे त्यानंतर चव उतरते, तर ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ म्हणजे त्यानंतर खाऊच नये, हा फरकही तिथेच लक्षात ठेवावा.

पिशवीतल्या ओल्या जेवणाबद्दल लोकांच्या मनात जो संशय असतो, तो बहुधा चुकीच्या जागी असतो. वरण, राजमा किंवा पालक-पनीर पिशवीत भरून, हवाबंद करून, मोठ्या कुकरसारख्या दाबपात्रात साधारण १२१ अंश सेल्सिअसवर शिजवतात. या पात्राला रिटॉर्ट म्हणतात. एवढ्या उष्णतेची गरज क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूच्या बीजाणूंमुळे पडते, कारण ते साध्या उकळीला दाद देत नाहीत आणि हवा नसलेल्या ओल्या अन्नातच प्राणघातक विष तयार करतात. एकदा पिशवी अशी निर्जंतुक झाली की तिला शीतकपाट लागत नाही आणि टिकवणाऱ्या रसायनाचीही गरज राहत नाही. भारतात या तंत्राचा मोठा अभ्यास १९६१ मध्ये म्हैसूरला स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेत, सीमेवरच्या जवानांच्या शिध्यासाठी झाला, आणि पुढे बेंगळुरूच्या एमटीआरने तयार जेवणाच्या पिशव्या बाजारात आणल्या. १९२४ मध्ये उपाहारगृह म्हणून सुरू झालेली ही संस्था आणीबाणीच्या काळात दरनियंत्रणामुळे उपाहारगृह चालवणे अवघड झाल्यावर तयार मिश्रणांच्या धंद्याकडे वळली, असे तिच्या इतिहासात सांगितले जाते. थोडक्यात, पिशवी फुगलेली किंवा शिवणीपाशी ओलसर नसेल तर ती सहसा सुरक्षित असते.

प्रश्न आहे तो वेगळा. शिजवलेल्या वरणात साधारण चार-पंचमांश पाणी असते. तीनशे ग्रॅमच्या पिशवीत त्यामुळे तेल, मीठ, मसाला धरून कोरडा ऐवज साठ ग्रॅमच्या आसपास निघतो आणि त्यात डाळ पन्नासेक ग्रॅम, म्हणजे एक मूठ. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी बांधलेल्या गुणवत्तेचा कायदेशीर शिक्का, मिळालेला आहे. ज्या जिल्ह्यात ही डाळ गिरणीच्या दारात मिळते आणि कुकरच्या तीन शिट्यांत शिजते, तिथे पन्नास ग्रॅम डाळ आणि पावशेर पाणी पिशवीच्या भावाने घ्यावे, यात शहाणपण नाही. जिरा-राइसचेही तसेच. उलट राजमा, छोले किंवा काळ्या उडदाची डाळ रात्रभर भिजवावी आणि तासभर शिजवावी लागते. तिथे पिशवी गॅस आणि वेळ दोन्ही वाचवते, आणि दवाखान्यात रुग्णाजवळ बसलेल्या किंवा हैदराबाद-पुण्याला खोली करून राहणाऱ्या माणसाला तिचा उपयोग खरा आहे.

मिठाचा हिशेब मात्र सगळ्यांनीच करावा. पोषणतक्त्यात मीठ ‘सोडियम’ या नावाने मिलिग्रॅममध्ये येते आणि प्रौढ माणसासाठी दिवसाची मर्यादा दोन हजार मिलिग्रॅम धरतात, म्हणजे मीठ पाच ग्रॅम, एक सपाट चमचा. शंभर ग्रॅममागे चारशे मिलिग्रॅम लिहिले असेल तर तीनशे ग्रॅमची पिशवी एकट्याने संपवणाऱ्याच्या पोटात बाराशे जातात, आणि त्याबरोबरचे लोणचे-पापड अजून बाकीच असते. काही तक्ते ‘एका वाढपाचे’ प्रमाण ठळक छापतात आणि पिशवीत दोन वाढपे आहेत हे बारीक अक्षरांत सांगतात. पिशवी दोघांत वाटून खाणारी घरे किती असतील, हे छापणाऱ्यालाही ठाऊक असणार. याहून मोठी अडचण भाषेची आहे. नियमानुसार पुड्यावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की पुरतो, इतर भाषा ऐच्छिक आहेत, आणि प्रत्यक्षात बहुतेक पुड्यांवर इंग्रजीच असते. त्यामुळे भालकीची मराठी वाचणारी सासू आणि कन्नड शाळेत शिकलेली सून या दोघींनाही डाळीची पिशवी वाचून दाखवायला नातवंड बोलवावे लागते. तीन भाषांच्या मुलखात तिन्ही भाषांना परके असलेले लेबल चालते, ही गोष्ट कुणाला खटकल्याचे दिसत नाही.

गोठवलेल्या मालाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. उणे अठरा अंशांची साखळी कारखान्यापासून घरापर्यंत तुटता कामा नये, आणि ज्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज केव्हाही जाते, तिथे ती तुटतेच. पुड्यात आत बर्फाचे खडे हाताला लागले तर माल एकदा वितळून पुन्हा गोठला असे समजावे. मटारापुरता हा प्रकार ठीक. गोठवलेल्या आणि बांधून विकलेल्या पराठ्याने करमणूक मात्र बरीच केली: कर्नाटकाच्या करनिर्णय प्राधिकरणाने २०२० मध्ये परोटा म्हणजे रोटी नव्हे असा निवाडा दिला आणि रोटीला पाच टक्के तर परोट्याला अठरा टक्के कर ठरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोटी, चपाती, पराठा यांच्यावरचा कर शून्य झाला आणि हा वाद मिटला.

मिश्रणे या सगळ्यांत मधे बसतात. १९६३ च्या गिट्सपासून गुलाबजाम, ढोकळा, इडली यांची कोरडी पिठे मराठी घरांत सरावाची झाली, आणि पाणी घरचे घालायचे असल्याने त्यांत पाण्याचे पैसे मोजावे लागत नाहीत हे खरे. परंतु धपाट्याचे किंवा थालीपिठाचे पीठ विकत घेताना त्यात ज्वारी किती आणि गहू किती हे क्रमावरून पाहावे, नाहीतर नाव धपाट्याचे आणि पीठ चपातीचे असे होते. शेंगदाण्याच्या चटणीत पाण्याची जागा तेल घेते: ती कोरडी असल्याने बुरशत नाही, पण दाण्यातले तेल हवेने खवट होते, म्हणून कोठार-दुकानातल्या किलोच्या बरणीपेक्षा आठवडी बाजारातली, लसूण-तिखट घालून उखळात कुटलेली, तेल सुटलेली पावशेर चटणी घ्यावी आणि पंधरा दिवसांत संपवावी. कडक भाकरी, ही चटणी, दही आणि कच्चा कांदा एवढ्यात एक जेवण पुरे होते, काही गरम करावे लागत नाही आणि फळीवरच्या कोणत्याही पिशवीपेक्षा त्यात अन्न जास्त व पाणी कमी असते. तरीही मोठ्या दुकानाच्या मांडणीत भाकरीला जागा मिळणे अवघड जाते, कारण ती वाहतुकीत मोडते, जागा खूप अडवते आणि वजनाने हलकी भरते.

याच पट्ट्यातला एक पदार्थ मात्र या सगळ्या हिशेबाच्या बाहेर राहिला आहे. मार्गशीर्ष अमावस्येला, जिला मराठीत वेळ अमावस्या आणि कन्नडमध्ये एळ्ळ अमावस्या म्हणतात, लातूर-धाराशिवपासून बिदर-कलबुर्गीपर्यंतची घरे आदल्या रात्रभर खपून भज्जी (पालेभाज्या आणि शेंगांची मिसळ भाजी), पिठाचे उंडे, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, खीर आणि आंबील करतात आणि सगळे डोक्यावर घेऊन शेतात जातात. त्यात तीळ-बाजरीची भाकरी कोरडी म्हणून टिकते आणि नंतर आठवडाभर खाल्ली जाते, भज्जी दुसऱ्या दिवशी आणखी चवदार लागते. आंबील मात्र ताकात ज्वारीचे पीठ आंबवून केलेली, सगळीच ओली, त्यातले जिवाणू जिवंत असलेली. तिला निर्जंतुक केले तर ती आंबील राहत नाही, वाळवले तर ते नुसते आंबट पीठ होते, आणि बंद करून ठेवली तर ती झाकण उडवते. ती मडक्यातून शेतात जाते, कडब्याच्या झोपडीवजा कोपीपुढे शिंपडली जाते, आल्यागेल्याला तांब्यातांब्याने वाढली जाते आणि सूर्य मावळायच्या आत मडके रिकामे होते.